दहा मिनिटं पुढची दामिनी

फॉर्मच्या अठ्ठाविसाव्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं, तेव्हा रेवती माझ्या मांडीवर पीतच होती.

प्रश्न साधा होता. 'सध्या स्तनपान करता का?' डाव्या हाताने तिचं डोकं सावरत मी उजव्या हाताने 'नाही'वर बोट टेकवलं आणि फॉर्म पाठवून दिला. समोर नितेश, माझा नवरा, कांदे चिरत होता. त्याची सुरी थांबली.

"अगं, ती पितेय."

"राष्ट्रीय स्पर्धेला दीड महिना आहे. तोवर सोडवते की अंगावरून."

"आणि 'हो' लिहिलं तर?"

"तर तीन आठवडे प्रयोगशाळेत, एकटीने. बाळाला परवानगी नाही. नव्याने सगळी मापं घेणार. आणि एवढं करून 'विशेष वैद्यकीय गटा'त टाकणार. त्या गटात धावता येतं, नंबर लागत नाही."

"मग धावायचं कशाला?"

"तेच म्हणते मी."

तो पुन्हा कांदे चिरायला लागला. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं की माझ्या काळजीचं, हे त्यालाच ठाऊक.

ज्यांनी अलीकडे मॅरेथॉन पाहिलेली नाही, त्यांना आमची 'सावली' समजावून सांगायला हवी. प्रत्येक धावपटूच्या दंडावर एक छोटी पट्टी चिकटवतात. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक चाळीस सुया असतात. त्या रक्तापर्यंत पोचत नाहीत, कातडीखालच्या ओलाव्यातूनच दर चार सेकंदांनी साखर, क्षार, स्नायूंतलं आम्ल आणि अंगातली उष्णता मोजतात. स्पर्धेआधीच्या सरावात या आकड्यांवरून संगणक तुमच्या शरीराची एक नक्कल बेततो. हाडामांसाची नाही, निव्वळ गणिताची. स्पर्धेच्या दिवशी ही नक्कल तुमच्याबरोबर धावते, पण दहा मिनिटं पुढे. ती कोसळली, तर दहा मिनिटांनी तुम्ही कोसळणार. शक्यता साठ टक्क्यांवर गेली की कानात सूचना येते, 'पिवळा'. नव्वद टक्के झाली की 'लाल'. लाल म्हणजे थांबायचं. वाद नाही, विनंती नाही.

ही सावली मला मनापासून आवडायची. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघणारी बाई मी. आणि सोबत धावणाऱ्या शोभनाला पडताना मी पाहिलं होतं. सावल्या येण्याच्या आदल्या वर्षी, छत्तिसाव्या किलोमीटरला, माझ्यापुढे पन्नास मीटरवर. हसत होती ती. आधी पाऊल वाकडं पडलं, मग गुडघे, मग ती रस्त्यावर आडवी. मला वाटलं पेटका आला असेल. मी तिला वळसा घालून पुढे गेले आणि चौथी आले. ती गेल्याचं मला पदकं वाटताना कळलं.

म्हणून सावलीशी खोटं बोलणं मला जड गेलं होतं. पण बोललेच.

बरं, पुढे मी शब्द पाळलासुद्धा. ज्या दहा दिवसांच्या सरावावरून माझी सावली बेतली गेली, त्या दहा दिवसांत रेवतीला एकदाही अंगावर घेतलं नाही. फॉर्म आपोआप खरा झाला. मग आम्ही स्पर्धेसाठी सुरगाण्याहून नाशिकला उतरलो. परकी खोली, परका पंखा, त्यात तिला दात येत होते. दोन संध्याकाळी ती इतकी रडली की लॉजचा मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. मी हरले, तिला घेतलं. दोन दिवसांत दूध असं भरून आलं, जणू कधी गेलंच नव्हतं. स्पर्धेच्या पहाटे चार चाळीसलाही पाजलं, दोन्ही बाजूंनी.

नितेश माझ्या दंडाकडे बघत म्हणाला, "ही पट्टी चालू आहे ना? हिला कळेल का?"

"हिला काय कळणार? हिला मी 'नाही' सांगून ठेवलंय."

पावणेसहाला मैदानातून सुटलो. दिवस वर आला की ऊन हल्ली जानेवारीतही झेपत नाही, म्हणून इतक्या लवकर. गंगापूर रोडच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, ताटल्या बडवणारी, नावं पुकारणारी. पहिल्या तिघी आशियाई स्पर्धेच्या संघात जाणार होत्या. माझं वय एकोणतीस. पुढची निवड चार वर्षांनी. हिशोब सोपा होता.

लडाखची आणि उत्तराखंडची पहिल्या फेरीतच दिसेनाशा झाल्या. उरली एक जागा आणि तिच्यासाठी आम्ही दोघी, मी आणि पौर्णिमा गांगुर्डे. पौर्णिमा बावीस वर्षांची. गेल्या वर्षीपर्यंत आम्ही एकत्र सराव करायचो, मग ती दहातोंडे सरांच्या अकादमीत गेली. पळताना बडबडायची सवय मात्र गेली नव्हती.

"ताई, झोपलीस का काल?"

"कसली झोप! दात येताहेत."

"तुला?"

"रेवतीला गं!"

"मला वाटलं, म्हातारपणी नवे फुटले."

वीस, पंचवीस, तीस. पायांना लय सापडली होती. सकाळचा गारवा, बाजूला द्राक्षांचे मळे, डांबरावर आमच्या बुटांचा एकसारखा आवाज. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मला माझं अंग माझं वाटत होतं. मोठ्या पडद्यांवर आमच्या करड्या सावल्या पळत होत्या, आमच्या दहा मिनिटं पुढे, जिथे आम्ही अजून पोचलोही नव्हतो. ही मी तिसरी येणार, मी मनात म्हटलं. येणारच.

चौतिसाव्या किलोमीटरला, सोमेश्वरच्या अलीकडे, कानात बाईचा थंड आवाज आला. "भोये दामिनी. पिवळा. बहात्तर टक्के."

पडद्यावर माझी सावली झोकांडली. रस्त्याकडेला कुणीतरी ओरडलं, "ए, भोयेची सावली पडली!" आणि सगळ्यांचे मोबाइल एकदम वर आले. मी त्यांच्यासमोरून ताठ पळत होते, पण माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

पौर्णिमाने मान वळवली. "ताई?"

"पळ तू."

मी स्वतःला तपासलं. बोटं? जागेवर. नजर? स्वच्छ. शंभरातून सात, त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. डोकं चालत होतं. मग सावली का पडली? आणि लगेच दुसरा विचार आला. शोभनालाही असंच वाटलं असेल ना? तीही हसतच होती.

तेव्हा छातीत ती ओळखीची कळ आली. खाली पाहिलं, तर बनियनवर दोन गोल ओले डाग. घामाचे नव्हते.

माझी बी.एस्सी. प्राणिशास्त्रातली. चार पावलांत सगळं उलगडलं. यकृत म्हणजे साखरेची टाकी. मॅरेथॉनमध्ये ती रिकामी होत जाते आणि पार कोरडी झाली की मेंदूला साखर मिळत नाही, माणूस कोसळतो. टाकीत किती उरलंय हे सावलीला दिसत नाही. रक्तातली साखर किती वेगाने घटतेय आणि स्नायू किती ओढताहेत, यावरून ती अंदाज बांधते. पण माझ्या टाकीला दुसरा नळ होता. रक्तातली साखर घेऊनच दूध बनतं आणि ते आत्ता, पळतानाही बनत होतं. सावलीला हा नळ ठाऊकच नव्हता. साखर हिशोबापेक्षा जास्त घटताना दिसली की तिच्या लेखी अर्थ एकच, टाकीचा तळ लागला.

म्हणजे सावली चुकतेय. की नाही? दुसऱ्या नळाने टाकी खरोखरच थोडी जास्त रिकामी केली होती. थोडी म्हणजे किती? मला माहीत नव्हतं.

"भोये दामिनी. पिवळा. एकोणऐंशी टक्के."

गप्प बसले, तर तीन-चार मिनिटांत लाल, आणि खेळ खलास. सांगितलं, तर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा कबूल. नियम असा की, अशा वेळी मागच्या क्रमांकाच्या खेळाडूने निकालानंतर अर्ध्या तासात स्वतःच्या सहीने हरकत घेतली, तर निकाल रद्द, नाही घेतली तर कायम. आणि डॉक्टरांशी बोलायचा माईक सगळ्यांना ऐकू जाईल असाच ठेवलेला, म्हणजे प्रशिक्षकांना त्यातून कानगोष्टी करता येऊ नयेत. बोलले असते ते अख्ख्या देशाने ऐकलं असतं. सासूबाईंनीसुद्धा.

मी खांद्यावरचं बटण दाबलं.

"डॉक्टर, मी भोये. माझा रकाना अठ्ठावीस खोटा आहे. मी पाजते. आज पहाटेच पाजलंय!"

माझा आवाज रस्त्यावरच्या सगळ्या स्पीकरांतून घुमला. मग गर्दीत कुणी शिट्टी मारली, कुणी फिदीफिदी हसलं. आणि केळ्यांची पाटी घेतलेली एक बाई तार स्वरात ओरडली, "त्यात हसायला काय झालं रे? तू काय डबा खाऊन वाढलास?"

मिनिटभरात विजेवरची मोटारसायकल शेजारी आली. मागच्या सीटवर उलट्या तोंडाने बसलेल्या डॉक्टर फरीदा मणेर. साठीच्या, मिरजेच्या, एका हातात लाल झेंडा, दुसऱ्यात टॅब.

"किती वाजता पाजलंस?"

"चार चाळीस."

"पोट भरलं पोरीचं?"

"हो."

"चला, एकीचं तरी भरलं." त्यांनी टॅबवर माझ्या 'नाही'चं 'हो' केलं. भुवया वर गेल्या. "सावली बंद पडली गं. 'पुरेशी माहिती नाही' म्हणतेय. अकरा हजार बायकांच्या नोंदी आहेत हिच्यात, आणि रकाना अठ्ठावीसला 'हो' म्हणणारी एक नाही? या देशात पळणाऱ्या बायकांना पोरंच होत नाहीत काय?"

चार पावलं पुढून पौर्णिमाचा हसू फुटलेला आवाज आला. "काकू, सत्तावीस तरी कोण खरं लिहितं? पाळीची तारीख! मी दर महिन्याला एक तारीख लिहिते. खरी लिहिली की सर सरावाला घेत नाहीत."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. हातातल्या टॅबकडे त्यांनी असं पाहिलं, जणू दुकानदाराने खोटं नाणं टेकवलं असावं. "म्हणजे इतकी वर्षं मी कुणाच्या सावल्या बघत होते?" त्यांनी टॅब पिशवीत कोंबला. "ऐक, भोये. सावली नसेल तर निर्णय रस्त्यावरच्या डॉक्टरचा, असा नियम आहे. मी विचारीन ते सांगायचं. अडखळलीस की झेंडा. कबूल?"

"कबूल."

"बाळाला दात किती?"

"अडीच!"

"अडीच?"

"तिसरा अर्धा आलाय!"

"बरं. पस्तीसच्या टेबलावर तुझी बाटली आहे ना? पूर्ण प्यायची. एक घोट तोंडावर मारलास, तर झेंडाच मारीन."

टेबलावर प्रत्येकीच्या बाटल्या मांडलेल्या असतात. माझीला हिरवी बांगडी अडकवलेली होती. पळतापळता उचलली, तळापर्यंत प्यायले. गोड, खारट, कोमट. पौर्णिमा वीस मीटर पुढे गेली होती.

छत्तिसावा किलोमीटर. शोभनाचा. मी रस्त्याकडे बघायचं टाळलं, डॉक्टरांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. त्या माझी पावलं बघत होत्या, ओठांचा रंग, हातांचं झुलणं. पापणी लवत नव्हती त्यांची. ते बघणं मला ओळखीचं होतं. मी रेवतीकडे असंच बघते.

"आज वार कोणता?"

"रविवार."

"काल जेवलीस काय?"

"भात. बटाटा. पुन्हा भात."

"बोट नाकाला लाव. डावं. आता उजवं. हं."

आनंदवल्लीच्या चढाला माझे पाय जड झाले. सदतिसावा संपत होता. लोकांना एव्हाना सगळी गोष्ट कळली होती. मोबाइल खाली आले होते. लोक माझ्याकडे बघत होते, नुसत्या डोळ्यांनी, आणि टाळ्या वाजवत होते.

"तोंड पांढरं पडलंय तुझं," डॉक्टर म्हणाल्या. झेंडा मांडीवरून उचलला गेला. "पाठ केलेलं काही नको आता. नवीन काहीतरी बोल. डोक्यात साखर असल्याशिवाय जमणार नाही असं." त्यांनी झेंडा सरळ धरला. "नाव घे."

"काय?"

"नवऱ्याचं नाव घे. उखाण्यात. जुळला पाहिजे. शंभर मीटर देते."

आयुष्यभर मी उखाण्यांचा तिटकारा केला. लग्नात पाठ केलेला एकच, तोही विसरले होते. फुफ्फुसं जळत होती, चढ संपत नव्हता, आणि मी यमक शोधत होते. ऐंशी मीटर. साठ. झेंड्याचं कापड वाऱ्यावर फडफडलं, आणि तो वाराच उपयोगी आला.

"आनंदवल्लीच्या चढावर... सुटला गार वारा," मी ओरडले. माईक चालूच होता. "नितेशरावांचं नाव घेते... डॉक्टर, झेंडा खाली करा!"

दोन्ही कडांनी अशी आरोळी उठली की चढ उतार झाला. डॉक्टर मणेर सीटवर मागे रेलून हसल्या आणि झेंडा बुडाखाली घालून त्यावर बसल्या. "जुळला! पोचतेय साखर. पळ आता. पळ!"

मी पळाले. पळाले म्हणजे काय, ते सांगता येत नाही. मी पुढे वाकले आणि रस्ता मागे जाऊ लागला. पौर्णिमाची वेणी आधी पन्नास मीटरवर, मग तीस, मग इतकी जवळ की तिच्या लाल रबराचे धागे दिसू लागले. तिची सावली निर्धोक होती, पडद्यावर डौलात तिसरी येऊन मोकळीही झालेली. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. रिकामा चौकोन. पुढच्या दहा मिनिटांत माझं काय होणार, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला हसू येत होतं.

मैदानाच्या फाटकात आम्ही खांद्याला खांदा लावून शिरलो.

"तू अजून आहेसच?" ती धापत म्हणाली.

"आहे!"

शेवटचे दोनशे मीटर तिने मला काही दिलं नाही, मीही तिला काही दिलं नाही. रेषेवर मी दोन सेकंद पुढे होते. दोन तास सदतीस मिनिटं. पडले नाही. खाली बसले, हा फरक आहे.

फलकावर माझं नाव तिसरं झळकलं आणि त्यापुढे लिहून आलं, 'तात्पुरता निकाल'. बाजूला तीस मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागलं. दहातोंडे सर हरकतीचा कागद हातात धरून गर्दीतून पौर्णिमाला शोधत होते. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्या खेळाडूची जागा एका सहीवर होती.

नितेश रेवतीला घेऊन धावत आला. "आईचा फोन होता," तो म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, उखाणा बरा होता. रावांच्या आधी श्रीयुत म्हणायला हवं होतं."

रेवतीने माझा वास ओळखला आणि टाहो फोडला. मैदानाच्या कोपऱ्यात हिरव्या कापडाचा हिरकणी कक्ष उभारला होता, प्रेक्षक आयांसाठी. मी तिला घेऊन आत गेले, पडदा ओढला, एकुलत्या खुर्चीवर बसले. ती पहिल्या घोटालाच शांत झाली. कापडाच्या फटीतून घड्याळ दिसत होतं. अकरा मिनिटं.

पडदा हलला. पौर्णिमा. एक बूट पायात, एक हातात.

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. बराच वेळ पायाचं काळं पडलेलं नख चाचपत राहिली.

"सही केली तर मी संघात," ती म्हणाली.

"हो."

"तू खोटं लिहिलंस, ताई."

"लिहिलं."

"मीपण दर महिन्याला लिहिते, ते वेगळं." तिने नाक पुसलं. "घरी सगळे टीव्हीसमोर बसलेत. बाबांनी पेढे आणून ठेवलेत."

'सही करू नकोस' म्हणायचा मला हक्क नव्हता. 'कर' म्हणण्याइतकी मी मोठी नव्हते. मी रेवतीच्या टाळूवरचा घाम पुसला. फटीतून घड्याळ पाहिलं. सहा.

बाहेर जवळच दहातोंडे सरांचा आवाज आला. "पौर्णिमा! अगं कुठे आहेस? सहा मिनिटं राहिलीत! पौर्णिमा!" पावलं कक्षापाशी आली आणि थबकली. हिरव्या पडद्यावर त्यांची सावली पडली, कागद धरलेल्या हातासकट.

पौर्णिमाने त्या हाताकडे पाहिलं.

"सर," ती मोठ्याने म्हणाली, "आत बाई पाजतेय. पडदा उघडू नका."

"अगं, पण तू बाहेर ये ना!"

तिने गुडघे पोटाशी घेतले आणि खुर्चीच्या पायाला पाठ टेकवली. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "बाहेर गेले तर मी सही करीन, ताई. मला माहितेय मी कशी आहे. सहा मिनिटं बसू दे इथेच."

रेवतीचं पोट भरत आलं होतं. तिची पकड सैल व्हायला लागली.

पौर्णिमाने हात लांब करून तिच्या तळपायाला हलकेच गुदगुली केली. रेवती दचकली आणि पुन्हा पिऊ लागली.

"सावकाश पी गं," पौर्णिमा तिला म्हणाली. "घाई नाही कुणाला."